गणपती नसलेली माटवी

लग्नाचं डेकोरेशन त्यामानाने सोपं. नवरा-नवरी कुठे बसणार हे एकदा ठरलं की त्यांच्या मागे, वर, बाजूला लावत सुटायचं. पाहुणे येतात ते त्या दोघांना बघायला. ती दोघं शालू-शेरवानीत असतात, हसतात, हलतात. मागे कितीही भडक लावा, ती हरवत नाहीत. चित्राचं तसं नाही. चित्र भिंतीवर गप्प असतं. शेजारी कुणी मोठ्याने बोलायला लागलं की ते दिसेनासं होतं.

म्हणून वेंगुर्ल्यातल्या एका छोट्या कलादालनाने निधी जमवायला जेवण आणि लिलाव असा कार्यक्रम ठरवला आणि सजावटीचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा बाबा नेहमीसारखे कापडाचे तागे मोजायला बसले आणि मी म्हटलं, जरा थांबूया.

आमचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. सुरू बाबांनी केला. मी कोल्हापुरात कमर्शियल आर्ट शिकून आले आणि त्यात शिरले. दालन म्हणजे बंदराकडच्या रस्त्यावरचं जुनं चिऱ्यांचं घर. पुढे खळं म्हणजे अंगण, मग पडवी, ओटी, आत माजघर. माजघरात आणि बाजूच्या खोल्यांत चित्रं. गेल्या पावसात मागच्या खोलीची कौलं सरकली, आतले वासे कुजलेले निघाले. पुढच्या पावसाआधी छप्पर उतरवून पुन्हा घालायचं तर पैसा हवा, म्हणून जानेवारीत हा घाट. आमंत्रणं १२० जणांना. सजावटीला आमच्या हातात ४५ हजार, त्यात मजुरी आली.

रंगीबेरंगी हवं, हे विश्वस्तांनी निक्षून सांगितलं होतं. "दरवेळी आपली पांढरी भिंत आणि चहा-बिस्किट. लोकांचा हात खिशात जायला हवा तर जरा वातावरण नको?" मुद्दा खरा होता. पण वातावरण म्हणजे काय यावर मुंबईहून व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागले आणि मला धडकी भरली. कोस्टल थीम. छताला जाळी, भिंतीला नांगर, निळ्या-पांढऱ्या पट्ट्या, बरण्यांत शिंपले. माझं यावर मत आहे आणि ते मी तिथेही सांगितलं. जाळं आम्हाला रोज दिसतं, कुणाच्या तरी पडवीत दुरुस्तीला काढलेलं असतं. ते कामाचं हत्यार आहे. गवंड्याच्या घरी जेवायला जाऊन भिंतीवर थाप्या लटकवल्या तर त्याला काय वाटेल? शिवाय वापरलेल्या जाळ्याचा वास किती धुतलं तरी जात नाही, आणि नवं कोरं जाळं आणून ते जुनं दिसावं म्हणून खटपट करायची हे आमच्या बंदरावर कळलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

पहिल्या पाहणीला मी लाल साटीनचा एक तागा गाडीतून आत नेला. माजघरात समोरच एक जलरंग आहे, शिरोड्याच्या मिठागरांचा. १९३०चा मिठाचा सत्याग्रह झाला तेच शिरोडा, आमच्याच तालुक्यातलं. चित्रात सत्याग्रह वगैरे काही नाही. राखाडी पाणी, त्याहून फिकं राखाडी आभाळ, आणि मधे मिठाच्या लहान-लहान राशी. त्या राशी रंगवलेल्याच नाहीत, तिथे चित्रकाराने कागद कोरा सोडलाय. मी आणि आमच्याकडच्या पोराने तो तागा चित्रापासून चार-पाच फुटांवर पडद्यासारखा धरला, दिवा लावला, आणि बाबांना म्हटलं, आता बघा.

मिठाच्या राशी गुलाबी झाल्या. दिव्याचा उजेड कापडावर पडून लाल होऊन चित्रावर येत होता. मग मी बाबांना थोडा वेळ नुसतं कापडाकडे टक लावायला सांगितलं आणि झटकन चित्राकडे वळायला लावलं. "अरे, पाणी हिरवट झालं की!" कापड एकच आणि खोड्या दोन. पहिली उजेडाची, दुसरी आपल्याच डोळ्याची. दुसरीवर फ्रान्समध्ये मिशेल शेव्रल नावाच्या रसायनतज्ज्ञाने वर्षानुवर्षं काम केलं. गोबेलँच्या सरकारी विणकामशाळेत रंगाईचं खातं त्याच्याकडे होतं, आणि तक्रार अशी यायची की काळा धागा काळा दिसत नाही. रंग चांगलाच होता. शेजारच्या धाग्यांमुळे तो फिका वाटायचा. १८३९ साली त्याने हे सगळं नीट मांडलं. कॉलेजात हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, पण साटीनचा तागा हातात धरून बाबांच्या चेहऱ्यावर ते बघताना जी मजा आली ती तेव्हा नव्हती आली.

एवढं झाल्यावर बाबाच म्हणाले, "मग आत काहीच लावायचं नाही." बरोबर. आत फक्त मांजरपाट, न रंगवलेलं, तेही खुर्च्यांना आणि लिलावाच्या टेबलाला. पण मग रंग कुठे?

रंग कुठे ठेवायचा हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. दर चवथीला घराघरांत ते केलंच जातं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी किंवा बांबूची चौकट टांगायची, तिला आंब्याचे टाळ बांधायचे आणि त्यावर रानातलं-परसातलं जे जे त्या दिवसांत असेल ते लटकवायचं. नारळ, सुपाऱ्यांचे घड, तवसं (मोठ्या काकड्या), कांगण्या, हरणाची फुलं, तेरडा, आणि सगळ्यांत मानाचं कवंडळ, रानातलं लाल फळ. ही माटवी. लहानपणी कवंडळाच्या शोधात काट्याकुट्यांत शिरून हातपाय ओरबाडून घेतले नाहीत असा आमच्या पिढीतला माणूस सिंधुदुर्गात सापडणं कठीण. नीट बघितलं तर माटवीतली हुशारी कळते. एवढे सगळे रंग एका जागी, पण सगळे वर. मूर्तीच्या खांद्याला खांदा लावून एकही रंग उभा नाही. माणूस दारातून आत येतो, नजर आधी वर जाते, तिथे पोट भरून फिरते, आणि मग खाली मूर्तीवर येऊन टेकते.

तर ठरलं असं की खळ्यावर एक मोठी माटवी घालायची, पाहुण्यांनी तिच्याखालीच जेवायचं, आणि पडवी-ओटी ओलांडून चित्रांकडे जाताना रंग एकेक पायरीने कमी होत जायचे.

आता जानेवारीत कवंडळ कुठून आणणार? आणि मिळालं असतं तरी मी लावलं नसतं. ताजी फळं-फुलं म्हणजे मुंग्या, चिलटं, परागकण, ओलावा. जिथे कागदावरची कामं आहेत तिथे ही पाहुणेमंडळी नकोतच. कसर लागायला निमित्त पुरतं. संग्रहालयांत ताज्या फुलांच्या बाबतीत एवढी खळखळ करतात ती याचसाठी. मला आधी वाटायचं की कंजूषपणा असेल.

मग सावंतवाडीची चितारआळी आठवली. आठवली म्हणजे काय, शाळेत असताना सहलीहून येताना तिथली लाकडी फळं कुणी घेतली नाहीत! केळी, आंबे, सीताफळ, अननस, परडीत मांडलेली, हुबेहूब. वर्षानुवर्षं ती आपल्या शोकेसमध्ये टीव्हीच्या बाजूला धूळ खात पडलेली असतात. तीच उचलून वर टांगली तर?

तिथल्या एका काकांकडे गेले. ते आणि त्यांचा मुलगा असे दोघं काम करतात. फळं पांगाऱ्याची. पांगारा वजनाला अगदी हलका, म्हणून टांगायला उत्तम, आणि हे त्यांना मी सांगायच्या आधी त्यांनी मला सांगितलं. लाकूड घडवलं की चिंचोक्याच्या खळीत माती कालवून त्याचा हात देतात, म्हणजे रेषा-छिद्रं बुजतात, मग घासायचं, मग रंग. आंबे, काजू, केळी, तवशी वगैरे यादी त्यांनी मान डोलावत लिहून घेतली. कवंडळ म्हटल्यावर पेन्सिल थांबली.

"कवंडळ कोण विकत घेता गो?"

मला त्यांच्याकडून कवंडळच हवं होतं. ते फळ एका रंगाचं नसतं. कोवळं असताना हिरव्यावर फिकट पट्टे, मग कुठेतरी शेंदरी झाक धरते, आणि पिकलं की लाल, पण त्या लालाच्या आतून पिवळा दिसत राहतो. मी फोनवर चवथीचे फोटो दाखवले. काकांनी फोन बाजूला ठेवला. आधी अख्खं फळ पिवळं केलं. वाळू दिलं. त्यावर शेंदरी, पण देठाकडून खाली ओढत, हात सुटत जाईल तसा. मग बोटाला फडकं गुंडाळून लाल, आणि तो लाल ओला असतानाच जागोजागी टिपून काढला, म्हणजे खालचा शेंदरी पट्ट्यांनी वर आला. शेवटी देठाशी हिरव्याचा एक ठिपका. वर लाखेची चमक आल्यावर त्या फळाकडे बघून माझ्या दंडावर खरंच काट्यांची आग झाल्यासारखं वाटलं. काका म्हणाले, एक फणस पण करतो, मधोमध लाव, शोभेल. मी म्हटलं फणस माटवीला नसतो आणि वजनाचं काय? ते म्हणाले, तू गणपती तरी खंय बसवतंस? याला उत्तर नव्हतं.

जुन्या वाशांना काहीही टांगायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं, कारण त्यांच्याचसाठी तर हा खटाटोप. त्यामुळे खळ्यात चार कोपऱ्यांना बांबूचे खांब, वर बांबूचीच चौकट, आत काथ्याच्या दोऱ्यांची जाळी. लोखंडी पाइपचा सांगाडा आमच्याकडे तयार होता आणि तो लवकर झाला असता, पण खालून वर बघितल्यावर पाइप म्हणजे पाइप. आंब्याच्या टाळांच्या जागी हिरव्या सुती पताका. घोटीव कागद किंवा क्रेप लावा असं दोघा-तिघांनी सुचवलं. समुद्रकाठी जानेवारीच्या रात्री दंव पडतं आणि क्रेपचा रंग खालच्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर उतरतो. पुढचं भांडण मी मिटवत नाही. पताका ओलसर झाल्या तर नुसत्या लोंबतात.

सुती कापड आणि दिवे एकत्र आले की माझ्या पोटात गोळा येतो, म्हणून सगळ्या पताका शिवण्याआधी टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडरच्या पाण्यातून काढल्या. लिटरभर कोमट पाण्यात साठ-सत्तर ग्रॅम टाकणखार, तीसेक ग्रॅम बोरिक, कापड पूर्ण भिजवायचं, न पिळता वाळवायचं. ज्वाळा धरत नाही, काळं पडून विझतं. एक तुकडा आधी जाळून बघायचाच. आणि कापड एकदा धुतलं की हे सगळं वाहून जातं, पुन्हा करावं लागतं. (कापसालाच लागू. साटीन-पॉलिस्टरला याचा काही उपयोग नाही, ते वितळून टपकतं. आपल्याकडच्या लग्नमंडपांत हॅलोजनच्या शेजारी जे काय लावलेलं असतं ते बघून मी जेवणाची पंगत दाराजवळची धरते.)

चौकट वर चढली, फळं बांधून होत आली, तेव्हा शेजारच्या काकी गडग्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ वर बघत होत्या.

"काय गो, माटवी बांधलंस, आणि गणपती खंय?"

"आत आसत काकी, भिंतीर."

त्या खरंच आत जाऊन आल्या. चित्रं सगळी बघून आल्या, गेली कित्येक वर्षं शेजारी राहून पहिल्यांदाच. बाहेर येऊन म्हणाल्या, "तो मिठागराचो बरो आसा. माझा म्हायार थयलांच." आणि मग, "कवंडळां खाली घे जरा, वर कोणाक दिसतली?" सगळी कवंडळं हातभर खाली घेतली. काकींचं बरोबर होतं.

जेवणाच्या टेबलांसाठी गंजिफा वापरला, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा जुना खेळ. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२०. आमची आमंत्रणंही १२०, टेबलं दहा, टेबलाला खुर्च्या बारा. हा योगायोग हातचा घालवणं म्हणजे पापच. सावंतवाडीत ही कला जवळजवळ विझली होती. १९७०च्या दशकात तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी हातात घेतली आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसवले म्हणून ती आज दिसते. खरी पानं चितारलेली, लाखेची, किमती; ती टेबलावर भाजीच्या रश्शाशेजारी ठेवायला माझं धाडस नव्हतं. आम्ही जाड पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापल्या, प्रत्येक अवताराला वेगळी जमीन, म्हणजे मागचा रंग, दिली, आणि खुणा गावातल्या हायस्कूलच्या मुलांनी काढल्या. मत्स्याचे मासे काढायला आमच्या मुलांना नमुना लागला नाही. एकाने बांगडा काढला, एकाने सरळ पापलेट. कूर्माची कासवं मात्र सगळी एकाच साच्यातली, कार्टूनमधून आलेली.

दारात परडी. पान उचलायचं, ज्या अवताराचं निघेल त्या टेबलावर बसायचं. यावर बैठकीत बरीच खडाजंगी झाली. मोठे देणगीदार मागे गेले तर? नवरा-बायको वेगळी पडली तर? मी म्हटलं, राजाचं पान कुणालाही येऊ दे, आणि पटत नसेल त्याने बदलून घ्यावं. तसंच झालं. सुरुवातीची वीसेक मिनिटं खळ्यात नुसता बाजार. "माझा परशुराम घ्या, तुमचा वामन द्या, माझी मिसेस वामनात आहे." अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायला लागली, जे एरवी सूप येईपर्यंत होत नाही. एका आजोबांना गंजिफा खेळता येत होता. पाच रंगांत आकडे उलटे चालतात, एक्का दश्शीला भारी पडतो, हे त्यांनी अख्ख्या टेबलाला समजावलं, आणि त्यांच्या हातात एक्का असल्यामुळे ते राजाच्या थाटात बसले.

दिव्यांचं थोडं सांगते, कारण त्यावर कुणी बोलत नाही. कागदावरच्या चित्रांवर ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, तैलचित्रांवर २००पर्यंत चालतो. ५० म्हणजे बऱ्यापैकी अंधुक. बाहेर झगझगाट करून माणसाला थेट आत नेलं तर त्याला पहिली काही मिनिटं काही दिसत नाही आणि तो "छान आहे" म्हणून परत जेवायला येतो. म्हणून खळ्यात दिवे भरपूर, पडवीत निम्मे, ओटीवर फक्त दोन, आणि ओटीवरच वेलची-लिंबाचं सरबत ठेवलं, म्हणजे लोक आपसूक तिथे रेंगाळतील आणि डोळे स्थिरावतील. सरबताचं खरं कारण फार थोड्या लोकांना माहीत होतं. लायटिंगवाल्याने तरीही संध्याकाळी माजघरात एक हॅलोजन आणून ठेवला होता, "फोटोला बरा येतो" म्हणून. तो आम्ही गोड बोलून जेवणवाल्याच्या तंबूत पाठवला.

देणगीच्या टेबलावरची पाटीही मीच रंगवली: ८०जीची (आयकर सवलतीची) पावती हवी असेल तर २,००० रुपयांवर रोख चालत नाही, चेक किंवा क्यूआर कोड वापरा. सबंध सजावटीत लोकांनी सगळ्यांत बारकाईने वाचलं ते हेच.

लिलावात मिठागर गेलं आणि चांगल्या किमतीला गेलं. पण त्याच्या आधीच माटवी विकली जायला लागली होती. प्रत्येक फळाला देठाशी लहान चिठ्ठी होती, त्यावर किंमत, आणि पैसे भरले की आमचा पोरगा शिडी लावून काढून देणार. कवंडळं जेवणं व्हायच्या आत संपली. एका बाईंनी मुलीच्या मुंबईतल्या फ्लॅटसाठी तीन नेली, "तिकडे चवथीला प्लॅस्टिकचं लावतात हो." काजू गेले, आंबे गेले. तवशांवर घासाघीस झाली, देणगीच्या कार्यक्रमात घासाघीस, पण झाली. बाबा गल्ल्यावर होते, ते अशा वेळी विरघळतात, म्हणून त्यांना उठवून मी बसले.

चितारी काका शेवटी आले, स्कूटरवरून, मुलाला घेऊन. वर बघून त्यांनी आधी मोजलं काय गेलं, काय राहिलं. पुढच्या वर्षी करायचं असेल तर दसऱ्याच्या आत आगाऊ रक्कम द्या, चवथीच्या तोंडावर हात मोकळा नसतो, असं विश्वस्तांना स्पष्ट सांगितलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "फणस?"

फणस गेला नाही. मधोमध होता, सगळ्यांनी त्याच्याखाली उभं राहून फोटो काढले, पण दिवाणखान्यात एवढा फणस टांगायचा कुठे हा प्रश्न प्रत्येकाला पडला. तो सध्या आमच्या गोदामात खुर्च्यांच्या थप्पीवर आहे. किंमत ६,००० आहे, पैसे थेट दालनाच्या खात्यात, पावती मिळेल. कमी होणार नाही. गल्ल्यावर मी आहे.